नथ्थूकाकांचं चाळीस नंबर

आता माझा मूर्खपणा ऐकायचाच आहे ना तुम्हाला? मग चहा सांगा आधी. आणि साखर कमी सांगा माझ्यात, हा किस्सा गोड तोंडानं सांगता येत नाही मला.

एक अट आहे. इथे चंद्रपुरात ऐका, हसा, मला हव्या त्या शिव्या घाला. पण राजुऱ्याला कोणाजवळ तोंड उघडू नका. का, ते शेवटी कळेल.

तुम्हाला माहीत आहे, माझं राजुऱ्याला मेडिकलचं दुकान. वीस वर्षं झाली काउंटरमागे उभा आहे. या धंद्यात एक वाईट रोग लागतो बरं का! दिवसभर लोक विचारतात, "भाऊ, डोकं दुखते, काय घेऊ?" "भाऊ, पोट बिघडलं, काय देऊ पोट्ट्याले?" आणि आपण फाडकन सांगतो. वीस वर्षं असं सांगत राहिलं की माणसाला वाटायला लागतं, जगातल्या कशालाही काय द्यायचं ते आपल्यालाच कळतं. मला तसंच वाटायचं. आता हसू येतं म्हणावं, तर तेही येत नाही.

आमच्याकडे एक जुनी जीप आहे. पेट्रोलवरची. बाबांनी तरुणपणी सरकारी लिलावात घेतलेली, आणि तेव्हाही ती म्हातारीच होती. बाबा गेले, जीप माझ्याकडे आली. तिचं काम एकच. आमच्या मोहल्ल्यातला प्रत्येक नवरदेव त्या जीपमध्ये बसून मांडवात येणार आणि मोहल्ल्यातली प्रत्येक पोरगी त्याच जीपमध्ये बसून सासरी जाणार. गाडी चालवायला बाबा, बाबांनंतर मी. मोबदला काय, तर एक नारळ आणि खांद्यावर दुपट्टा. मुली पाठवताना मागे रडणं चाललेलं असायचं आणि पुढे मी गिअर टाकत नाक पुसत असायचो.

ही जीप इतकी वर्षं चालली ती नथ्थूकाकांमुळे. नथ्थूकाका म्हणजे आमचे मिस्त्री, बाबांच्या बरोबरीचे. गडचांदूर रोडला त्यांचं टिनाचं शेड आहे. कागदावर काही लिहिणं नाही. कोणत्या गाडीला काय चालतं ते सगळं डोक्यात. आमच्या जीपला ते एकच तेल टाकायचे, साधं चाळीस नंबर. जाडसर, एकाच नंबरचं, त्यात कसलं नवीन औषध-बिवषध नाही. बसस्टँडजवळच्या मधूभाऊ ऑइलवाल्याच्या ड्रममधून आणायचे. आणायचे तेव्हा तिथेच बोटावर थेंब घ्यायचे, अंगठ्यानं घोळवायचे आणि बोटं हळूच लांब करून तार बघायचे. बायका पाकाची बघतात ना, तशी. तार आली की डबा भरायचा. तीस वर्षं मधूभाऊचा ड्रम आणि नथ्थूकाकांचं बोट. दुपारचा डबासुद्धा दोघं एकत्र खायचे.

आणि मी? मला त्या डब्याची लाज वाटायची! काय तो डबा! त्यावर ना नाव, ना तारीख, ना कंपनी. मी साधं खोकल्याचं औषध लेबल बघितल्याशिवाय शेल्फवर ठेवत नाही, आणि माझ्या बापाच्या जीपच्या पोटात हे काय जातंय?

तर यंदाच्या एप्रिलमध्ये नथ्थूकाका दुकानात आले. हातात पेढे.

"संजू, ममताचं जमलं रे."

ममता त्यांची एकुलती एक. मुलगा माजरीचा, कोळशाच्या खाणीत पक्क्या नोकरीवर. आमच्या भागात खाणीतला पक्का नोकरीवाला जावई मिळणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. लगन मे महिन्यात.

"जीप माझ्याकडे लागली काका," मी म्हटलं.

"थेच सांगाले आलो." काका जवळ सरकले. "पोराकडले म्हने, आमी पांढरी गाडी फुलं लावून आनतो. मी म्हटलं, नाई. चाळीस साल झाले, या हातानं ठीकठाक करून मी दुसऱ्याच्या पोरी धाडल्या त्या जीपमंदी. माही पोरगी दुसऱ्या गाडीत काऊन जाईन? व्याही हासले ना बे. म्हने, मिस्त्री, थे म्हातारी रस्त्यात बसन. मी म्हटलं, माया हातची गाडी हाये, बसली त मिशी उतरवून देतो."

सांगताना म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. बाबांच्या मागे ज्या माणसानं मला कधी पोरकं वाटू दिलं नाही, तो माणूस हा. मला भरून आलं. आता तुम्ही म्हणाल, भरून आलं तर गप बसायचं. पण मला कुठलं गप बसणं जमतं? मी ठरवलं, काकांना आहेर करायचा. जीपला त्यांनी जन्मात टाकलं नसेल असं तेल टाकायचं. आणि पाठवणीच्या दिवशी सांगायचं, की काका, बघा, तुमच्या ममतासाठी!

मग मी मोबाइलवर व्हिडिओ बघायला बसलो. एक पोरगा पांढरे हातमोजे घालून, चकचकीत गाडीला टेकून सांगत होता, की जुनं जाड तेल म्हणजे इंजिनाचा शत्रू. नवीन तेल वापरा, पूर्ण सिंथेटिक. आतून धुऊन काढतं. त्याची गाडी माझ्या दुकानातल्या फ्रिजपेक्षा नवी होती, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही.

गेलो चंद्रपूरला. दुकानातल्या पोरानं विचारलं, "कोणती गाडी?" मी छाती फुगवून म्हटलं, "विंटेज!" त्याला तो शब्द कळला नाही आणि मला तेलातलं काही कळत नव्हतं, म्हणून व्यवहार झटपट झाला. त्यानं सगळ्यात चकचकीत डबा काढला. त्यावर नंबर होता शून्य-वीस.

आता ऐका माझी अक्कल. मी विचार केला, काकांचं चाळीस, हे शून्य-वीस. साखरेचा आकडा कमी असला तर चांगलं. बीपीचा कमी असला तर चांगलं. कोलेस्टेरॉलचंही तेच. मग तेलाचाही आकडा जितका कमी तितका चांगलाच असणार! हसा, हसा. तो नंबर जाडीचा असतो हे डब्याच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं. सगळ्या गिऱ्हाइकांना मागचं लेबल वाचायला सांगणाऱ्या माणसानं तेवढं वाचलं नाही.

रविवारी अंगणात जीपखाली घमेलं ठेवून मी जुनं तेल काढलं. दोन महिन्यांपूर्वीच काकांनी टाकलेलं. काकवीसारखं हळूहळू उतरलं, आणि रंग अजून मधासारखा! मी बायकोला हाक मारली.

"बघ! दोन महिने इंजिनात राहून जरासुद्धा काळं झालं नाही. म्हणजे घाण ओढलीच नाही यानं. कामचोर तेल!"

ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. "मिस्त्रीकाकाले इचारलं का?"

"त्यांच्यासाठी सरप्राइज आहे."

"अवो, म्हाताऱ्या मानसाची गोयी कोनी अशी एकदम बदलते का? तुमीच त दुकानात बोंबलून सांगता ना लोकायले?"

"ते शरीर असतं. हे मशीन आहे," मी म्हटलं. एवढ्या ठसक्यात म्हटलं, की ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. लग्नाला अठरा वर्षं झाली, तिला माझा ठसका माहीत आहे.

नवीन तेल टाकलं. पाण्यासारखं सळसळत आत गेलं. जीप अशी हलकी फिरली म्हणता! आणि दुसऱ्या दिवशी तेल मोजायची पट्टी काढून बघितली तर तेल काळं कुळकुळीत. मला कोण आनंद! मी पांढऱ्या रुमालावर ते तेल टिपलं आणि रुमाल दुकानात नेऊन काउंटरवर पसरला. येईल त्याला दाखवायचो, "हे बघा, चाळीस वर्षांची घाण, दोन दिवसांत बाहेर!"

एक म्हातारं गिऱ्हाईक रुमाल न्याहाळून म्हणालं, "म्हंजे जुलाबाचं औषध देलं म्हना जीपले."

"अगदी तसंच!" मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी जीपला खरंच जुलाब लागले.

खाली बघतो तर थेंब. इंजिनाच्या मागून थेंब, पुढून थेंब, बाजूच्या झाकणातून थेंब. इतकी वर्षं त्या इंजिनाचे सांधे पॅकिंगनं नाही, साचलेल्या घाणीनं बंद होते हो! ती घाण माझ्या तेलानं धुतली आणि म्हातारी सगळीकडून गळायला लागली. मी काय करावं? मी खाली पुठ्ठा अंथरला. रोज सकाळी पुठ्ठा बदलायचा आणि वरून तेल भरायचं. स्वतःला समजवायचो, की घाण निघून गेली की आपोआप थांबेल.

लग्नाला तीन दिवस राहिले तेव्हा काका घरी आले. अक्षता द्यायला. मी पुठ्ठा ओढायच्या आत त्यांनी बघितला.

"हे काऊन टपकून राह्यलं बे?"

"काही नाही काका, गाडी धुतली आज."

ते खाली वाकले. थेंब बोटावर घेतला, घोळवला, बोटं लांब केली. तार आली नाही. पुन्हा केलं. पुन्हा नाही. कपाळावर आठी पडली.

"पातळ लागून राह्यलं रे संजू. धरत नाई."

"ऊन बघा की काका. सत्तेचाळीस डिग्री चाललंय. आपणच पातळ झालोय."

"ऊन असलं म्हनून काय झालं? चाळीस नंबर उन्हायातच टिकते." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू काई बदललं-गिदललं त नाई ना?"

आणि मी म्हटलं, "मी? मला काय कळतं त्यातलं काका?"

बघा, जन्मात पहिल्यांदा मी कबूल केलं की मला एखाद्या गोष्टीतलं कळत नाही, आणि तेही खोटं बोलायला! त्या दिवशी सांगितलं असतं, तर काय झालं असतं? त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या, आपलं तेल टाकलं असतं, तासाभरात विषय संपला असता. पण पेढे देताना जसं बघितलं होतं ना त्यांनी माझ्याकडे, तसंच बघत राहावं असं वाटत होतं मला. एवढ्यासाठी गप राहिलो. काकांच्या डोक्यात मांडव, वाजंत्री, स्वयंपाकी, सतरा भानगडी. "लगन होऊ दे, मंग पाह्यतो निवांत," म्हणत ते गेले.

लग्नाचा दिवस उजाडला. नवरदेव मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत आणायचा. पुढे बँड, त्याच्यापुढे नाचणारी पोरं, आणि मागे मी जीपमध्ये नवरदेवाला घेऊन. अंतर किती, तर चालत दहा मिनिटांचं. लागला दीड तास! मे महिन्याची दुपार, पहिला गिअर, मुंगीची चाल. अधूनमधून खालून टकटक असा आवाज यायचा. मला वाटलं, ढोलवाला चुकतोय. खरं सांगतो, मी त्या ढोलवाल्याकडे रागानं बघितलंसुद्धा! तेलाचा दाब दाखवणारा काटा म्हणाल, तर तो बाबांच्या काळापासून शून्यावर झोपलेला. त्यामुळे आत काय चाललंय ते मला कळणार कसं?

लगन लागलं. जेवणं झाली. चार वाजता पाठवणी निघाली. जीपला झेंडूच्या माळा. ममता हिरव्या शालूत, रडून डोळे सुजलेले. काका पांढरा नवा शर्ट आणि गुलाबी फेटा घालून जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभे. व्याह्यांकडे बघून मिशीला पीळ दिला त्यांनी. मी किल्ली फिरवली. जीप सुरू झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वीस पावलं गेलो असू.

खट. खट. खट. खटाक!

आणि आतून कोणी कडी लावावी तसं इंजिन बंद. पुन्हा किल्ली फिरवली. काही नाही. हलायलाच तयार नाही.

आधी एक जण हसला. मग दहा हसले. व्याही मोठ्यानं म्हणाले, "काय मिस्त्री, बसली ना म्हातारी? वस्तरा मांगवू का?"

 काकांनी फेटा काढून काकूंच्या हातात दिला. नव्या शर्टासकट धुळीत आडवे झाले आणि जीपखाली सरकले. मी वाकून बघत होतो. खालून आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"संजू, तेल कोनतं हाये रे यात?"

दोनशे माणसं होती तिथे. व्याही होते, ममता होती, माझी बायको होती. बायको माझ्याकडेच बघत होती.

मी म्हटलं, "तुमचंच काका. चाळीस नंबर."

खालून लोखंडावर टकटक केल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "मंग तेल नाई. स्टार्टर अडकला असन. दोन मिंटं थांबा सगळे. खोलतोच."

कळतंय का तुम्हाला? मी खरं बोललो असतो तर त्यांना त्याच क्षणी कळलं असतं, की इंजिन गेलं. ते उठले असते, हात धुतले असते, पोरीला जवळ घेतलं असतं. पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तो माणूस नसलेला बिघाड शोधत राहिला. दोन मिनिटांची वीस झाली. वीसची चाळीस. मी बाजूला हत्यारांची पिशवी धरून उभा. आणि मला कळत होतं, की स्टार्टरला काहीच झालेलं नाही!

व्याही घाई करायला लागले. उजेडात माजरीला पोचायचं होतं, घरी बाया ओवाळायला खोळंबल्या होत्या. त्यांची पांढरी गाडी पुढे आली. ममताला जीपमधून उतरवलं. ती म्हणाली, "बाबाले भेटतो न जातो."

ती जीपजवळ आली. काकांचे फक्त पाय बाहेर होते. एका पायातली चप्पल निघून पडलेली. बँडवाले जोरात वाजवत होते, कारण त्यांना कोणी थांबा म्हणालंच नव्हतं. ममता खाली बसली. शालू धुळीत. बापाच्या दोन्ही पायांवर तिनं डोकं टेकवलं. "येतो बाबा मी," म्हणाली.

खालून काका ओरडले, "संजू, मोठा पाना दे!"

आणि मी दिला!

हातानं पिशवीतून काढला आणि जीपखाली दिला. म्हणू शकलो असतो ना, काका, ममता आहे, बाहेर या? दोन शब्दांचं काम होतं. पण ते बाहेर आले असते तर उजेडात हाताला लागलेलं तेल बघितलं असतं. तार बघितली असती. मी पाना दिला.

गाडी निघाली. बायांचं रडणं रस्त्यानं पुढे सरकलं, तेव्हा काका बाहेर आले. शर्ट काळा, तोंड काळं. जीपच्या मागच्या सीटकडे बघितलं.

"ममता कुठी हाये?"

काकू म्हणाल्या, "गेली न."

"मले न भेटता?"

"भेटली. पाया पडली तुमच्या." काकूंनी फेटा पुढे केला. "तुमी पाना मांगला."

काका आपल्या पायांकडे बघत राहिले. चप्पल शोधून घातली. मग कोणी काही बोलायच्या आत परत जीपकडे वळले आणि म्हणाले, "ढकलून शेडमंदी न्या."

माझी बायको घरी आल्यावर माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. बरोबर केलं तिनं.

पाचव्या दिवशी मी शेडमध्ये गेलो. ठरवून गेलो होतो, की आज सगळं सांगायचं. रस्त्यात वाक्यंसुद्धा पाठ केली. काकांनी इंजिन पूर्ण उघडून ठेवलं होतं. मला बघून म्हणाले, "ये. पाह्य इकडं."

तेलाच्या पंपाच्या जाळीवर काळा चिखल थापलेला. बोटानं उकरून त्यांनी दाखवला. "हे वर्षावर्षाची घान. साद्या तेलात थे खाली बसून राह्यते, कोनाले तरास नाई. पातळ, धुवाचं तेल टाकलं का सगळी उखडते न जाळीत फसते. वर तेल जाच नाई. बेरिंग जयून गेल्या, पाह्य. नव्या गाडीले थे तेल चांगलं. जुन्या इंजिनात टाकाचं असन त आंधी सगळं खोलून धुवा लागते."

मी घसा खाकरला. "काका, मला सांगायचं होतं..."

"मले मालूम हाये," काका म्हणाले.

मी शेडच्या दाराकडे बघितलं.

"मधूनं दगा देला मले," ते म्हणाले. "तू म्हटलं ना, माहंच तेल हाये म्हनून? मंग ड्रममंदीच भेसळ. तीस साल त्याच्यासंग भाकर खाल्ली मी. परवा गेलो त्याच्या दुकानात, चार लोकायसमोर बोलून आलो. माया पोरीच्या लगनाचा घात केला तुनं, म्हटलं. लेकाचा रडून राह्यला, म्हने मी काई नाई टाकलं. आता त्याचं तोंड नाई पाह्यनार मी."

आता बोला. हीच वेळ होती ना? समोर उघडं इंजिन, शेडमध्ये आम्ही दोघंच, वाक्यं तोंडपाठ. मी तोंड उघडलं. आणि त्यातून काय बाहेर पडलं माहीत आहे?

"आजकाल भेसळ फारच वाढली काका. औषधातसुद्धा करतात."

माझं मलाच ऐकू येत होतं. थुंकावंसं वाटलं, पण कोणावर थुंकणार? काकांनी मान हलवली. खांद्यावर हात ठेवला. हात धुतलेला नव्हता, डाग अजून आहे त्या शर्टाला.

"इंजिन मी बांधून देतो," ते म्हणाले. "पन तेल आता तूच आनजो. तुले औषधायची पारख हाये. बाकी कोनावर भरवसा नाई राह्यला माया."

झालं! राजुऱ्यात तेल निवडायचं काम कोणाकडे आलं, तर माझ्याकडे.

इंजिन बांधून झालं. मी तेल शोधायला निघालो. चंद्रपूरची सगळी दुकानं फिरलो. जिथे जावं तिथे चकचकीत डबे, शून्य-वीस, पाच-तीस. साधं चाळीस नंबर विचारलं की पोरं माझ्याकडे असं बघायची, की मीच विंटेज आहे. आता ते तेल जुन्या पंपांसाठी आणि जुन्या ट्रॅक्टरांसाठी एकच माणूस ठेवतो. राजुऱ्याला. बसस्टँडजवळ.

काय करणार? गेलो मधूभाऊकडे. घरून डबा घेऊन गेलो, त्याच ड्रममधून भरून घेतला, पिशवीत घातला आणि काकांना सांगितलं, चंद्रपूरहून आणलं.

काकांनी थेंब बोटावर घेतला. घोळवला. बोटं लांब केली. तार आली, आणि म्हाताऱ्याचं तोंड उजळलं.

"हे पाह्य! असली चाळीस नंबर असं असते! एक दिवस त्या मधूले नेऊन दाखोजो बे हे. म्हनाव, माल असा असते."

"सांगतो काका," मी म्हटलं.

मागच्याच आठवड्यात पुन्हा मधूभाऊकडे गेलो होतो. दुकानात माणूस एकटा बसलेला. दुपारचा डबा समोर तसाच, उघडलेला नाही. मला बघून म्हणाला, "भाऊ, तुमचं जानं-येनं हाये नथ्थूकडे. तीस सालात मी ड्रमात थेंबभर बी दुसरं टाकलं नाई. हे कोनं भरवलं असन त्याच्या डोक्यात?"

मी म्हटलं, "म्हातारा झालाय हो, ऐकत नाही कोणाचं. पाच लिटर द्या."